तडा कुठून जातो?

लिथियमचा तुकडा साध्या सुरीने कापता येतो. कापलेली बाजू क्षणभर चकाकते आणि हवा लागली की काळवंडते. धातूंमध्ये हा सगळ्यांत हलका, पाण्याच्या निम्म्याहून जेमतेम जास्त घनतेचा. इतका मऊ धातू सिरॅमिकच्या कडक चकतीला आरपार तडा पाडू शकेल, असं सांगितलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही. पण गेली कित्येक वर्षं जगभरच्या बॅटरी-प्रयोगशाळांत नेमकं हेच घडत होतं. नवी सेल बांधायची, चार्ज करायची, थोडे दिवस ती सुरळीत चालायची आणि मग अचानक व्होल्टेज कोसळायचं. सेल उघडली की चकती तडकलेली आणि तड्यात लिथियम. ज्या चकतीवर पुढच्या पिढीच्या इलेक्ट्रिक गाड्यांची सगळी भिस्त होती, तीच दगा देत होती.

या तड्याचा माग कसा लागला त्याची ही गोष्ट आहे. ती सांगावीशी वाटते, कारण बॅटरीबद्दल आपल्यापर्यंत बातम्या पोचतात त्या नव्या पदार्थांच्या आणि हजार किलोमीटरच्या दाव्यांच्या. बिघाड नेमका कसा होतो हे कुणीतरी चिकाटीने शोधून काढलं, ही बातमी होत नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला खरा शोध तोच आहे.

आधी थोडा हिशोब. इलेक्ट्रिक गाडी घ्यायला निघालेला माणूस किमतीच्या पाठोपाठ एकच गोष्ट विचारतो: एकदा चार्ज केली की किती जाते? कंपनीने सांगितलेला आकडा वेगळा आणि एसी लावून, सामान भरून, घाट चढतानाचा आकडा वेगळा, हे आता सगळ्यांना कळून चुकलं आहे. मध्यम आकाराची गाडी किलोमीटरला साधारण १५० वॅट-तास वीज खाते. विजेच्या बिलाच्या भाषेत बोलायचं तर एका युनिटमध्ये साडेसहा किलोमीटर. म्हणजे ६० युनिटची बॅटरी असेल तर ४०० किलोमीटर. रेंज दुप्पट हवी तर बॅटरी दुप्पट करा, हे बोलायला सोपं आहे. पण ६० युनिटच्या बॅटरीचंच वजन साडेतीनशे-चारशे किलो भरतं. ते दुप्पट केलं की गाडीचा सांगाडा, ब्रेक, सस्पेन्शन, टायर सगळंच वाढवावं लागतं आणि मग विजेचा मोठा वाटा बॅटरीलाच वाहून नेण्यात खर्ची पडतो. त्यामुळे सगळी धडपड एका आकड्याभोवती फिरते: एक किलो सेलमध्ये किती वॅट-तास मावतात? १९९१ साली सोनीने पहिली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली तेव्हा हा आकडा ८० च्या आसपास होता. आजच्या चांगल्या सेल २५० ते ३०० पर्यंत पोचल्या आहेत. त्यापुढे चढण फार कठीण आहे आणि त्याचं मोठं कारण सेलच्या ऋण बाजूला बसलेलं ग्रॅफाइट आहे.

ग्रॅफाइट म्हणजे कार्बनचे थर. चार्ज होताना लिथियमचे आयन या थरांत शिरून बसतात, गाडी चालताना बाहेर पडतात. पण एका लिथियमला सामावून घ्यायला कार्बनचे सहा अणू लागतात. एक ग्रॅम ग्रॅफाइट ३७२ मिलिअँपिअर-तास विद्युतभार साठवतं. तिथे कार्बन न ठेवता नुसता लिथियम धातूच ठेवला तर एका ग्रॅमला ३,८६० मिळतात. दहापट! हे गणित संशोधकांना पन्नास वर्षांपासून तोंडपाठ आहे. किंबहुना लिथियम बॅटरीची सुरुवातच लिथियम धातूने झाली होती.

१९७२ साली एक्झॉन या तेल कंपनीने स्टॅन्ली व्हिटिंगहॅम या तरुण इंग्रज रसायनशास्त्रज्ञाला स्टॅनफर्डहून बोलावून घेतलं. तेल कधीतरी संपणार, त्यानंतर काय, ही चिंता खुद्द तेल कंपनीला लागली होती. न्यू जर्सीतल्या लिंडेनच्या प्रयोगशाळेत व्हिटिंगहॅमला टायटॅनियम डायसल्फाइडचा एक गुण सापडला. त्याच्या थरांमध्ये लिथियमचे आयन शिरतात आणि थर न मोडता परत बाहेरही येतात. समोरच्या बाजूला लिथियम धातू ठेवला की दोन व्होल्टहून जास्त दाबाची, पुन्हा पुन्हा चार्ज होणारी, साध्या तापमानाला चालणारी बॅटरी तयार. तो न्यूयॉर्कला कंपनीच्या वरिष्ठांना भेटायला गेला. बैठक पंधराएक मिनिटांत आटोपली आणि हे उत्पादन करायचं असं ठरलं. त्याच सुमारास, १९७३ च्या ऑक्टोबरात, अरब देशांनी तेलाची कोंडी केली. इलेक्ट्रिक गाडीला याहून चांगला मुहूर्त मिळणार नव्हता.

पण प्रयोगशाळेत आगी लागू लागल्या. चार्ज होताना लिथियम धातूवर परत येऊन बसतं, ते सपाट थरात बसत नाही. जिथे जरासा उंचवटा असेल तिथे जास्त बसतं, मग तो उंचवटा आणखी वाढतो, त्याचा तंतू होतो. संशोधक त्याला डेंड्राइट म्हणतात. हा तंतू इलेक्ट्रोलाइटमधून, म्हणजे दोन टोकांमध्ये आयनांची ने-आण करणाऱ्या द्रवातून, वाढत पलीकडच्या टोकाला टेकला की आतल्या आत शॉर्ट सर्किट होतं, आणि तो द्रव तर ज्वलनशील. लिंडेनला अग्निशमन दलाच्या इतक्या फेऱ्या झाल्या की शेवटी त्यांनी बजावलं, लिथियमची आग विझवायला लागणाऱ्या खास रसायनांचे पैसे यापुढे प्रयोगशाळेने भरायचे. व्हिटिंगहॅमच्या गटाने लिथियममध्ये अ‍ॅल्युमिनियम मिसळून धोका कमी केला. तोवर तेलाचे भाव उतरले आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला एक्झॉनने काम गुंडाळलं.

पुढचा टप्पा ऑक्सफर्डचा. तिथे जॉन गुडइनफ यांच्या गटाने १९८० मध्ये लिथियम कोबाल्ट ऑक्साइड शोधलं आणि सेलचा दाब चार व्होल्टवर नेला. ऑक्सफर्ड विद्यापीठाला पेटंट घेण्यात रस नव्हता. ते हार्वेलच्या सरकारी अणुऊर्जा संशोधन केंद्राने घेतलं आणि गुडइनफना त्यातून मानधनाचा एक पैसा मिळाला नाही. हार्वेल हे नाव ध्यानात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे.

लिथियम धातूला बॅटरीबाहेर काढण्याचं काम जपानमध्ये झालं. असाही कासेई या कंपनीतले अकिरा योशिनो यांनी धातूच्या जागी पेट्रोलियम कोक, म्हणजे कार्बनचाच एक प्रकार, वापरून १९८५ मध्ये सेल बनवली. ती चालत होती. पण ती सुरक्षित आहे हे दाखवल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं, आणि साध्या प्रयोगशाळेत ती चाचणी करणं धोक्याचं. म्हणून १९८६ मध्ये स्फोटकांच्या चाचणीसाठी असलेल्या जागेवर सेल नेल्या. जमिनीवर सेल ठेवायची आणि वरून लोखंडाचा जड ठोकळा तिच्यावर सोडायचा. ठोकळा पडला, सेल चेंदामेंदा झाली, आग मात्र लागली नाही. मग लिथियम धातूच्या सेलवर तोच ठोकळा सोडला. जोरदार स्फोट झाला. लिथियम-आयन बॅटरीचा जन्म त्याच क्षणी झाला, असं योशिनो पुढे सांगत आले आहेत.

कुणाच्या मनात काही शंका उरली असेल तर ती १९८९ मध्ये फिटली. कॅनडातल्या मोली एनर्जी या कंपनीने लिथियम धातूच्या बॅटऱ्या बाजारात आणल्या होत्या. जपानमध्ये त्यांवर चालणारे मोबाइल फोन पेटले, माल परत मागवावा लागला आणि कंपनी कर्जदारांच्या ताब्यात गेली. त्यानंतर लिथियम धातूचं नाव काढायचीही कुणाची हिंमत होईना. कार्बन जिंकला. तो निर्णय बरोबरच होता. मोबाइल, लॅपटॉप, या तिघा संशोधकांचं २०१९ चं नोबेल आणि आज रस्त्यावर धावणारी जवळपास प्रत्येक इलेक्ट्रिक गाडी त्याच निर्णयावर उभी आहे. फक्त त्या सुरक्षिततेची किंमत आपण वजनात मोजतो आहोत, आणि खिशातल्या फोनला न जाणवणारं ते वजन गाडीला फार जाणवतं.

धातू परत आणायचा तर दोन गोष्टी साधायला हव्या होत्या: पेटणारा द्रव काढायचा आणि तंतूची वाट अडवायची. दोन्हीसाठी एकच युक्ती सुचत होती. द्रवाच्या जागी घन पदार्थ ठेवायचा, ज्यातून आयन तर सुटसुटीत जातील पण तंतू घुसू शकणार नाही. आयन घन पदार्थातून धावतात ही गोष्ट नवी नव्हती. मिशिगनमधल्या डिअरबॉर्नला फोर्ड कंपनीच्या प्रयोगशाळेत जोसेफ कमर आणि नील वेबर यांनी साठच्या दशकातच बीटा-अ‍ॅल्युमिना नावाच्या सिरॅमिकमधून सोडियमचे आयन सहज वाहतात हे दाखवलं होतं आणि त्यावर इलेक्ट्रिक गाडीसाठी सोडियम-सल्फर बॅटरी बांधली होती. ती ३०० अंशांच्या वर तापवून ठेवावी लागे, गाडीसाठी ती सोयीची नव्हतीच. पण तिच्यात आणखी एक खोड होती. चार्ज करताना सिरॅमिकची नळी तडकायची आणि तड्यात सोडियम शिरलेलं सापडायचं. युटा विद्यापीठातले अनिल विरकर आणि इतर काही संशोधकांनी सत्तर-ऐंशीच्या दशकांत हा तडा कसा वाढतो याचा बारकाईने अभ्यास केला. तड्यात अडकलेल्या मऊ धातूवर दाब चढतो आणि तोच सिरॅमिक फाडतो, असा विचार तेव्हाच मांडला गेला होता. गाड्यांसाठीची सोडियम-सल्फर बॅटरी मागे पडली आणि ते निबंध ग्रंथालयांत राहिले.

घन बॅटरीची गाडी रस्त्यावर यायला पहिल्यांदा निमित्त झालं पॅरिसचं. २०११ च्या डिसेंबरात तिथे ऑतोलिब ही भाड्याच्या इलेक्ट्रिक गाड्यांची सेवा सुरू झाली. बोलोरे समूहाच्या त्या करड्या छोट्या ब्लूकारमध्ये लिथियम धातू होता आणि इलेक्ट्रोलाइट होतं प्लॅस्टिकसारखं घन पॉलिमर. ३० युनिटची बॅटरी, सुमारे २५० किलोमीटरची रेंज. अडचण एवढीच की हे पॉलिमर ६० ते ८० अंशांना गरम असेल तरच आयन जाऊ देतं. त्यामुळे गाडी उभी असतानाही बॅटरी गरम ठेवायला वीज लागायची. भाड्याच्या गाड्या रात्रंदिवस चार्जिंगच्या खांबाला लावून ठेवता येतात, घरच्या गाडीचं तसं नाही. ही सेवा २०१८ मध्ये पैशाच्या वादातून बंद पडली.

साध्या तापमानाला चालणारं घन इलेक्ट्रोलाइट हवं होतं, आणि ते चार वर्षांच्या अंतराने दोन ठिकाणी सापडलं. २००७ मध्ये जर्मनीतल्या कील विद्यापीठातल्या व्हर्नर वेपनर यांच्याबरोबर रामस्वामी मुरुगन आणि वेंकटरमण थंगदुरै या दोन भारतीय संशोधकांनी लिथियम, लँथेनम, झिर्कोनियम आणि ऑक्सिजन यांचं गार्नेट जातीचं सिरॅमिक बनवलं. बाराशे अंशांच्या वर भाजलेलं हे सिरॅमिक लिथियम धातूशेजारी ठेवलं तरी टिकतं, हा त्याचा मोठा गुण. मुरुगन पुढे पुद्दुचेरीच्या विद्यापीठात याच विषयावर काम करत राहिले. दुसरा पदार्थ टोकियोचा. तिथे र्‍योजी कान्नो यांनी २०११ मध्ये टोयोटाच्या संशोधकांबरोबर लिथियम, जर्मेनियम, फॉस्फरस आणि गंधक यांचं असं संयुग जाहीर केलं की त्यातून साध्या तापमानाला आयन द्रवाइतक्याच वेगाने जातात. गंधकाच्या या कुळातल्या पदार्थांना दमट हवा लागली की हायड्रोजन सल्फाइड सुटतो, सडक्या अंड्याचा वास येतो, आणि कारखान्यात हवा अगदी कोरडी ठेवावी लागते. तरीही उत्साह प्रचंड होता. बर्कलीतल्या चार्ल्स मनरो आणि जॉन न्यूमन यांचं २००५ चं एक गणित सगळ्यांना पाठ होतं: इलेक्ट्रोलाइट लिथियमच्या साधारण दुप्पट ताठ असेल तर तंतू वाढण्याआधीच दाबला जाईल. सिरॅमिक तर लिथियमपेक्षा कितीतरी जास्त ताठ. म्हणजे प्रश्न सुटला!

सुटला नव्हता. या घन इलेक्ट्रोलाइटच्या चकत्या तडकत राहिल्या. जितका चार्जिंगचा वेग जास्त, तितका तडा लवकर. काहींना वाटलं भाजताना राहिलेल्या छिद्रांचा दोष आहे, काहींना वाटलं कणांच्या सांध्यातून लिथियम झिरपतं. २०१७ मध्ये एमआयटीतल्या येट-मिंग च्यांग यांच्या गटाने दाखवलं की पृष्ठभागावरच्या बारीक चिरांमध्ये लिथियम भरतं आणि तिथे दाब चढून चीर वाढते. बीटा-अ‍ॅल्युमिनाची जुनी गोष्ट पुन्हा वर येत होती. पण चालू सेलच्या आत डोकावून हे कुणी पाहिलं नव्हतं.

पाहणं अवघड होतं, कारण चकती सेलच्या मधोमध दाबून बसवलेली असते. उघडली की पुरावा बिघडतो. एक्स-किरणांनी आरपार पाहायचं तर लिथियम इतकं हलकं की ते त्या किरणांना जवळपास दिसतच नाही. रिकामा तडा आणि लिथियमने भरलेला तडा दोन्ही सारखेच काळे. ऑक्सफर्डमधल्या पीटर ब्रूस यांच्या गटाने यावर तोड काढली. हार्वेलला, म्हणजे गुडइनफ यांच्या पदार्थाचं पेटंट ज्या जागेने घेतलं होतं तिथेच, आता डायमंड लाइट सोर्स हे प्रचंड वर्तुळाकार यंत्र उभं आहे. त्यात जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरणारे इलेक्ट्रॉन अतिशय प्रखर एक्स-किरण सोडतात. गंधक-कुळातल्या इलेक्ट्रोलाइटची छोटी चकती, दोन्ही बाजूंना लिथियम, आणि त्यातून सावकाश वीज सोडायची. मधूनमधून सेल किरणांसमोर फिरवून सगळ्या बाजूंनी छायाचित्रं घ्यायची आणि संगणकावर त्यांची त्रिमिती प्रतिमा जुळवायची, दवाखान्यात सीटी स्कॅन करतात तीच पद्धत. शिवाय किरण स्फटिकांवरून कसे विखुरतात याची नोंद ठेवली की लिथियम नेमकं कुठे आहे हेही कळतं.

२०२१ मध्ये छापलेल्या या प्रतिमांमध्ये क्रम स्वच्छ दिसतो. आधी जिथे लिथियम साचतं आहे त्या पृष्ठभागाचा, धातूच्या कडेजवळचा, शंकूसारखा टवका निघतो. त्यातून एक आडवा तडा निघून पलीकडच्या बाजूकडे सरकतो. आणि या तड्याच्या टोकाशी लिथियम नसतं! टोक कोरडं असतं. लिथियम मागे असतं, कुठेतरी तोंडाजवळ. तडा पूर्ण चकती पार करून पलीकडे पोचतो तेव्हाही लिथियम अर्ध्या वाटेवरच असतं. ते नंतर सावकाश येतं आणि मग शॉर्ट सर्किट होतं. वर्षानुवर्षं सगळ्यांच्या मनात चित्र होतं ते सुईसारख्या तंतूचं, जो टोकाने भोसकत पुढे जातो. प्रत्यक्षात ओंडका फोडताना पाचर बसवतात तसं चाललं होतं. पाचर असते मागे, ओंडक्याच्या तोंडाशी. ती ठोकली की फट तिच्या कितीतरी पुढे धावत जाते.

तडा सुरू कुठे होतो, हा प्रश्न उरला होता. त्याचं उत्तर २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये आलं. पृष्ठभागाच्या किंचित खाली सूक्ष्म छिद्रं असतात आणि अतिसूक्ष्म भेगांनी ती पृष्ठभागाशी जोडलेली असतात. चार्ज होताना लिथियम या छिद्रांत भरतं. छिद्र भरलं तरी चार्जिंग थांबत नाही, आणखी लिथियम येतच राहतं. मऊ असलं तरी त्याला त्या अरुंद भेगेतून मागे सरकायला वेळ लागतो. वेळ मिळाला नाही की छिद्रात दाब चढतो आणि भोवतालचं सिरॅमिक फुटतं. म्हणजे तडा सुरू होणं आणि तडा पुढे सरकणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पहिली छिद्रांच्या आकारावर, संख्येवर आणि कणांच्या सांध्यांच्या बळकटीवर ठरते. दुसरी ठरते ती पदार्थाच्या चिवटपणावर, पाचरीच्या लांबीवर आणि सेल बाहेरून किती दाबून धरली आहे यावर. या निबंधाच्या लेखकांत चार्ल्स मनरो यांचंही नाव आहे. ज्यांच्या २००५ च्या गणितावर सगळ्यांनी आशा बांधली होती, तेच आता ऑक्सफर्डमध्ये होते आणि तड्याचं गणित मांडायला या गटात सामील झाले होते. मला या सगळ्या प्रकरणातली ही फार मोलाची गोष्ट वाटते.

बाहेरच्या दाबाचा मुद्दा सर्वांत पेचाचा निघाला. याच गटाने २०१९ मध्ये दाखवलं होतं की गाडी चालताना, म्हणजे लिथियम धातूतून बाहेर पडताना, चकती आणि धातू यांच्यामध्ये पोकळ्या तयार होतात. संपर्क थोड्याच जागी उरतो, पुढच्या चार्जिंगला सगळा प्रवाह तिथेच एकवटतो आणि तडा लवकर जातो. पोकळ्या टाळायच्या तर सेल जोराने दाबून धरायला हवी. आणि आता कळलं की चार्ज होताना तोच दाब पाचर ठोकण्याचं काम करतो. दाब कमी ठेवला तर सेल कितीतरी जास्त वेळा चार्ज होते. चालताना दाब हवा, चार्ज होताना नको. एवढी नेमकी अडचण हातात आल्यावर अभियंत्यांना कामाला दिशा मिळते.

सॅमसंगच्या संशोधकांनी २०२० मध्ये एक वाट दाखवली होती. त्यांनी ऋण बाजूला लिथियमचा पत्रा ठेवलाच नाही. चांदी आणि कार्बन यांचा काही मायक्रॉनचा थर दिला, लिथियम चार्ज होताना त्याच्याखाली एकसारखं साचतं. सेल हजाराहून जास्त वेळा चार्ज झाली आणि अशी बॅटरी गाडीला एका चार्जमध्ये ८०० किलोमीटर नेऊ शकेल, असं कंपनीने सांगितलं.

मर्सिडीजने दाबाचा पेच यंत्राने सोडवायचा प्रयत्न केला. त्यांच्या ईक्यूएस या गाडीत अमेरिकेतल्या फॅक्टोरियल या कंपनीच्या लिथियम धातूच्या सेल बसवल्या. चार्ज होताना या सेल फुगतात, रिकाम्या होताना आकसतात. म्हणून त्या हवेच्या दाबावर चालणाऱ्या सरकत्या चौकटीत ठेवल्या, चौकट सेलबरोबर मागेपुढे होत राहते. २०२५ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस ही गाडी जर्मनीतल्या श्टुटगार्टहून निघाली आणि डेन्मार्क ओलांडून स्वीडनमधल्या माल्म्योला पोचली. वाटेत कुठेही चार्ज न करता १,२०५ किलोमीटर, आणि पोचल्यावर आणखी १३७ किलोमीटर जाईल इतकी वीज शिल्लक.

हा आकडा पाहून हरखून जाणं साहजिक आहे, मीही हरखलो. पण त्याचा अर्थ नीट लावायला हवा. तेवढ्याच वजनाच्या आणि आकाराच्या नेहमीच्या बॅटरीपेक्षा या बॅटरीत सुमारे २५ टक्के जास्त वीज मावली. दहापट नव्हे. धातूने ऋण बाजूचं ग्रॅफाइट हटवलं. धन बाजू, इलेक्ट्रोलाइट, धातूचे पत्रे, डबा, थंड ठेवायची यंत्रणा हे सगळं तिथेच राहिलं आणि वजनाचा मोठा वाटा त्यांचाच आहे. शिवाय ईक्यूएस ही मुळात भल्यामोठ्या बॅटरीची, वाऱ्याला कमीत कमी अडणारी महागडी गाडी. याच मर्सिडीजने २०२२ मध्ये ईक्यूएक्सएक्स ही प्रायोगिक गाडी श्टुटगार्टहून इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनपर्यंत १,२०२ किलोमीटर नेली होती, तीही १०० युनिटच्या आतल्या साध्या लिथियम-आयन बॅटरीवर. ती किमया बांध्याची, टायरची आणि हलकेपणाची होती. रेंज वाढवायचे दोन मार्ग आहेत, बॅटरीत जास्त वीज भरणं आणि कमी विजेत जास्त जाणं, आणि दुसऱ्या मार्गाकडे आपलं फार दुर्लक्ष होतं.

आपल्याकडच्या परवडणाऱ्या गाड्यांत बहुधा लोह-फॉस्फेटच्या सेल असतात. हा पदार्थही गुडइनफ यांच्याच, टेक्सासमधल्या, प्रयोगशाळेतला. १९९७ च्या त्या निबंधाचे पहिले लेखक अक्षय पाधी हे भारतीय. स्वस्त, टिकाऊ, उष्णतेला दाद न देणारा, फक्त किलोमागे वीज कमी. लिथियम धातूची बाजू या पदार्थासमोरही बसवता येते, आणि माझ्या दृष्टीने आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाची जोडी तीच आहे. चारशे किलोमीटरची गाडी पाचशेची होईल, किंवा रेंज चारशेच ठेवून बॅटरी हलकी आणि लहान होईल. बहुसंख्य ग्राहकांच्या फायद्याचं हे दुसरं आहे, बातम्या मात्र पहिल्याच्याच येतील.

टोयोटाने आपल्या सॉलिड-स्टेट, म्हणजे घन बॅटरीच्या, गाड्यांसाठी २०२७-२८ ही वर्षं सांगितली आहेत आणि त्यासाठी इदेमित्सु ही तेल कंपनी गंधकाचं इलेक्ट्रोलाइट पुरवणार आहे. कॅलिफोर्नियातल्या क्वांटमस्केपने २०२५ मध्ये आपल्या सिरॅमिक चकतीच्या सेल बसवलेली डुकाटी मोटारसायकल म्यूनिकच्या प्रदर्शनात चालवून दाखवली. या बातम्यांबरोबर हटकून आणखी एक वचन येतं: दहा-पंधरा मिनिटांत चार्ज. तिथे मी जरा थांबतो. चार्जिंगचा वेग वाढवला की छिद्रात लिथियम जास्त वेगाने भरतं, मागे सरकायला त्याला वेळ मिळत नाही आणि दाब चढतो. हार्वेलच्या प्रतिमांनी दाखवलेली यंत्रणा हीच. लांब रेंज या चकतीला त्या मानाने सोपी आहे, झटपट चार्जिंग अवघड. छिद्रं आणखी बारीक आणि विरळ करत, सांधे बळकट करत, दाब घटवत चकती सुधारेल आणि वेगही वाढेल. पण सुरुवातीच्या गाड्यांत या दोन्हींपैकी एकच गोष्ट मनासारखी मिळणार असेल, तर ती रेंज असेल. सहाशे-सातशे किलोमीटर जाणारी, आणि रात्री घरच्या प्लगवर सावकाश भरणारी गाडी.